कलम बांधणारे हात: बागेतून नोकरीपर्यंतची वाट

जुलैचा दुसरा आठवडा. कोकणातल्या कुठल्याही नर्सरीत डोकावलं तर शेडनेटखाली चार-सहा माणसं पाटावर बसलेली दिसतील. एका बाजूला कोयीतून नुकतीच वर आलेली आंब्याची रोपं, दुसऱ्या बाजूला ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या हापूसच्या काड्या. रोप पंधरा-वीस दिवसांचं, पानं अजून तांबूस, देठ बोटानं वाकेल इतका कोवळा. कारागीर शेंडा छाटतो, उरलेल्या देठाला मधोमध उभी चीर देतो. काडीचं खालचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचरीसारखं करतो, चिरेत बसवतो आणि प्लास्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधून टाकतो. सगळा मामला एक-दोन मिनिटांचा. याला कोय कलम म्हणतात.

हे करायचं कारण साधं आहे. हापूसची कोय पेरली तर येणारं झाड हापूसचंच निघेल याची खात्री नसते. म्हणून मुळं कोणत्याही आंब्याची चालतात, वरची काडी मात्र खात्रीच्या झाडाची हवी. खालच्या रोपाला खुंट म्हणतात. खुंटाच्या आणि काडीच्या सालीआड एक पातळ, ओलसर, हिरवट थर असतो. झाडाची जाडी वाढते ती तिथून. दोघांचे हे थर एकमेकांना टेकले तर कलम जिवंत राहतं. काप वाकडातिकडा झाला, हात थरथरला, पट्टी सैल बसली, की काडी काळी पडते. पण ते कळतं दोन-तीन आठवड्यांनी.

मला आज ज्या विषयावर लिहायचं आहे त्याचा बराचसा सार या दोन मिनिटांत आहे आणि नंतरच्या तीन आठवड्यांत आहे.

शाळा सुटलेली, बालगृहात वाढलेली, वस्तीत रिकामी फिरणारी किंवा एखाद्या गुन्ह्यात अडकून बाहेर आलेली मुलं. त्यांना बागकामाच्या प्रकल्पात आणायचं आणि तिथून रोजगाराला लावायचं, असे प्रयत्न जगभर चालतात. छायाचित्रात ते छान दिसतात: हातात रोप, चेहऱ्यावर हसू, मागे पाहुण्यांची रांग. पण रोप वाढवणं वेगळं आणि मुलगा कामाला लागणं वेगळं. पहिल्यातून दुसरं कसं घडतं आणि कुठे अडतं, ते जरा उलगडून बघू.

आधी एक शंका: बागच का? शिवणकाम, मोबाइल दुरुस्ती, संगणक हे सगळं आहेच की.

एक तर बाग गुणपत्रिका मागत नाही. सातवीत शाळा सोडलेल्या मुलाला खुरपं हातात घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे, झाड उशिरा पण खरं उत्तर देतं. शनिवारी पाणी चुकवलं तर सोमवारी वाफा सांगतो. जास्त पाणी घातलं तर मिरचीची रोपं जमिनीलगत कुजून आडवी पडतात. ज्या मुलानं आयुष्यभर मोठ्यांची बोलणी खाल्ली आहेत, त्याला आणखी एका मास्तरचं बोलणं ऐकू येत नाही. कोलमडलेल्या रोपाशी मात्र हुज्जत घालता येत नाही.

तिसरं कारण गणिताचं. शाळेत गुणोत्तर-प्रमाणाला घाबरलेला मुलगा नर्सरीत ते नकळत करतो. दोन घमेली माती, एक घमेलं शेणखत, एक घमेलं वाळू. मग चारशे पिशव्यांना किती? ठिबकचं उदाहरण तर आणखी चांगलं. एका ड्रिपरमधून तासाला चार लिटर पाणी पडतं. झाडाला वीस लिटर द्यायचं आहे. एकच ड्रिपर असेल तर पाच तास, दोन लावले तर अडीच. पण विजेचं वेळापत्रकच चार तासांचं असेल तर? हे गणित फळ्यावर मांडलं तर अर्धा वर्ग झोपेल. उन्हात पाइपजवळ उभं राहून मांडलं, तर चुकल्याची शिक्षा बागेला होते आणि मुलगा दुसऱ्यांदा स्वतःहून बोटं मोजतो.

पण इथवरचं सगळं 'शिकणं' झालं. नोकरी देणारा माणूस कौशल्य म्हणतो तेव्हा त्याला निम्म्याहून जास्त वेळा वेगळंच काही हवं असतं. वेळेवर येतो का? येणार नसेल तर आदल्या दिवशी कळवतो का? सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, वापरून झाल्यावर पुसून जागेवर ठेवतो का? चूक झाली तर लपवतो की सांगतो? बागेचं कंत्राट घेणारा कुठलाही माणूस याच तक्रारी करतो. झाडांची नावं न येणाऱ्या पोराला तो शिकवायला तयार असतो. न सांगता चार दिवस गायब होणाऱ्याला नाही.

या सवयी शिकवायच्या कशा, याचं मला सगळ्यात विचारपूर्वक दिसलेलं उदाहरण अमेरिकेतल्या बोस्टन भागातलं आहे. तिथे १९९१ मध्ये 'द फूड प्रोजेक्ट' नावाची संस्था सुरू झाली. शहरातल्या गरीब वस्त्यांतली आणि बाहेरच्या सुखवस्तू उपनगरांतली किशोरवयीन मुलं एकत्र आणायची आणि शेतावर कामाला लावायची. हे काम पगारी असतं. पिकवलेली भाजी काही बाजारात विकली जाते, काही भुकेल्यांना जेवण देणाऱ्या संस्थांना जाते.

त्यांची एक पद्धत सांगतो. कामाचे नियम पहिल्याच दिवशी लिहून दिलेले असतात: उशीर, गैरहजेरी, शिवीगाळ, काम टाळणं. नियम मोडला की तक्त्यावर नोंद होते. सुरुवातीला ताकीद, पुढे पगारातून ठरलेली रक्कम कमी. इथपर्यंत आपल्याकडच्या मुकादमाच्या हजेरी वहीपेक्षा काही वेगळं नाही. गंमत पुढे आहे. नंतर काही काळ नियम नीट पाळले, तर कापलेले पैसे परत मिळवता येतात. म्हणजे चूक ही कायमची शिक्का मारणारी गोष्ट राहत नाही, ती भरून काढता येणारी उधारी होते. ज्या मुलाला शाळेनं एकदा 'वाया गेलेला' ठरवलं की ठरवलंच, त्याला हा हिशोब नवा असतो.

दुसरी पद्धत थेट बोलण्याची. ठरावीक दिवसांनी सगळे गोलात बसतात. प्रत्येकाला त्याच्या कामाबद्दल काय चांगलं चाललं आहे आणि काय बदलायला हवं, ते तोंडावर आणि सभ्य शब्दांत सांगितलं जातं. मग मुलंही प्रमुखांना सांगतात. आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसाला सोळा वर्षांच्या पोरानं 'तुम्ही काल आमचं ऐकून घेतलं नाहीत' असं सांगणं अवघड जातं, हे मान्य. पण नोकरी टिकण्यासाठी टीका ऐकता येणं लागतं, आणि ते ऐकायला कुठेतरी आधी सराव व्हावा लागतो. पहिल्याच नोकरीत साहेब ओरडला आणि मुलगा संध्याकाळी घरी निघून गेला, ही गोष्ट कुठल्याही संस्थेतल्या कार्यकर्त्याला विचारा.

आता आपल्या घरचं उदाहरण. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं पाबळ. पाऊस बेताचा, डोंगराळ माळरान. इथे १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. कलबाग अन्नतंत्रज्ञानातले शास्त्रज्ञ; अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आले होते आणि मोठ्या कंपनीच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून या गावात आले. त्यांचं म्हणणं असं की शाळा सोडलेला मुलगा मठ्ठ नसतो; हातानं काम करता करता डोकं चालणं ही माणसाची मूळ रीत आहे आणि शाळेनं तीच काढून घेतली.

तिथला एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम ग्रामीण तंत्रज्ञानाचा आहे. शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य असे चार विभाग, आणि प्रत्येक मुलानं चारही शिकायचे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची त्याला मान्यता आहे. मला त्यातली मिसळ महत्त्वाची वाटते. निव्वळ रोपं लावता येणाऱ्या माणसाला गावात वर्षभर काम मिळत नाही. पण तोच माणूस शेडनेटचा सांगाडा वेल्डिंग करून उभा करू शकला, मोटरची जोडणी करू शकला, ठिबकची गळती काढू शकला, तर त्याला लोक घरी बोलवायला येतात. कलबागांचा दुसरा आग्रह असा की शिकताना केलेलं काम गावाच्या उपयोगाचं हवं. सराव म्हणून वेल्ड करून भंगारात फेकायचं, हे नको. कुणाचं तरी गेट बनवा, कुणाची तरी बाग लावा. गिऱ्हाईक समोर असलं की काम आपोआप नीट होतं, कारण नीट नसेल तर ते गिऱ्हाईकच सांगतं.

हाच सूर धरून पुढे बोलतो, कारण माझ्या मते बहुतेक बाग-प्रकल्प इथेच फसतात. पिकवलेलं विकत कोण घेणार?

काही वर्षांपूर्वी एका संस्थेची परसबाग बघायला गेलो होतो. मुलांनी तुळस, गवती चहा, कोरफड, कढीपत्ता असं लावलं होतं. निगा उत्तम. विचारलं, रोपं कुठे जातात? 'पाहुण्यांच्या स्वागताला देतो.' म्हणजे पुष्पगुच्छाच्या जागी रोप. वाईट काहीच नाही. पण तिथल्या एकाही मुलाला एक रोप तयार करायला किती खर्च येतो, ते सांगता आलं नाही. पिशवीची किंमत माहीत नव्हती. मेलेली रोपं कुणी मोजली नव्हती. संस्थेच्या माणसांना ते विचारणं जरा कठोर वाटत असावं.

मोजणं म्हणजे काय, ते कलमांवर बघा. समजा एका मुलानं शंभर कलमं बांधली. खुंट, काडी, पिशवी, माती, पट्टी मिळून प्रत्येकी पंधरा रुपये खर्च धरू. नव्वद जगली तर जिवंत कलमाला पडलेला खर्च साडेसोळाच्या आसपास. चाळीसच जगली तर तोच साडेसदतीस. हात बसणं म्हणजे काय आणि कारागिराला जास्त मजुरी का मिळते, हे यापेक्षा स्पष्ट सांगता येणार नाही. पुष्कळ ठिकाणी हे काम उक्तं असतं, कलमामागे पैसे. म्हणून ज्याचा हात चालतो त्याला हंगामात मान असतो.

वंचित मुलांच्या प्रकल्पासाठी मला भाजीच्या वाफ्यापेक्षा नर्सरी जास्त योग्य वाटते, ती यासाठीच. जमीन थोडी लागते. माल मोजता येतो. भाजीसारखं संध्याकाळपर्यंत विकलंच पाहिजे असं नाही. आणि चाकूचं कसब मुलाबरोबर कुठेही जातं. महाराष्ट्रात याला मोठा आधार मिळाला तो १९९० पासून, रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग लागवडीमुळे. शेतकऱ्याला लागवडीसाठी अनुदान मिळू लागलं, आंबा-काजूच्या कलमांची मागणी एकदम वाढली आणि कोकणात नर्सऱ्या गावोगाव निघाल्या. मुलांना कलम शिकवणारा प्रकल्प अशा मागणीच्या काठावर उभा असेल तर चालतो. मागणी नसलेल्या जागी तेच कसब छंद होऊन बसतं.

अर्थात विक्री हे सगळ्या रोगांवरचं औषध नाही. अमेरिकेतल्याच मिलवॉकी शहरात विल ॲलन या माजी बास्केटबॉल खेळाडूनं १९९३ मध्ये एक मोडकळीला आलेली नर्सरी विकत घेतली. गरिबांसाठीच्या एका मोठ्या सरकारी वसाहतीपासून ती जवळ होती. आजूबाजूची मुलं मदतीला येऊ लागली आणि त्यातून 'ग्रोइंग पॉवर' ही संस्था उभी राहिली. गांडूळखत, मासे आणि भाजी एकाच पाण्यावर, प्लास्टिकच्या घरांमधून बर्फातही पालेभाजी. २००८ मध्ये ॲलन यांना मॅकआर्थर फेलोशिप हा तिथला मोठा मानाचा पुरस्कार मिळाला, जगभरातून लोक बघायला येऊ लागले. आणि २०१७ मध्ये संस्था कर्जात बुडून बंद पडली. बाग चालवणं, मुलं घडवणं, भाजी विकून दाखवणं आणि जगाला प्रशिक्षण देणं, एवढी ओझी एका छपराखाली आली होती. शिकाऊ हातांनी पिकवलेल्या भाजीवर सगळा खर्च निघेल, हे गणित जवळपास कुठेच जुळत नाही. शिकाऊ माणूस हळू चालतो, चुकतो, सामान वाया घालवतो. शिकवण्याचा खर्च वेगळा धरावाच लागतो. मग तो सरकारनं द्यावा, देणगीदारानं द्यावा की कंपनीनं सामाजिक निधीतून, ते पुढचं. पण दुसऱ्या टोकाला जाऊन विक्रीच बंद करणं हा उपाय नव्हे.

आता हातोहात सोपवण्याचा मुद्दा. प्रकल्पाच्या फाटकाबाहेर मुलाचा हात कुणी धरायचा?

न्यूयॉर्कच्या रायकर्स बेटावर मोठं कारागृह आहे. तिथे शहरातली एक जुनी उद्यानविद्या संस्था १९९० च्या दशकापासून कैद्यांबरोबर बाग आणि हरितगृह चालवते. त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. सुटून आलेल्यांसाठी बाहेर 'ग्रीनटीम' नावाची पगारी तुकडी ठेवली, जी शहरात बागांची कामं करते. आतून सुटला आणि थेट बाजारात ढकलला, असं नाही. मधे एक पायरी.

आपल्याकडे ही पायरी कायद्यात आहे. बाल न्याय कायदा २०१५ नुसार बालगृहातलं मूल अठरा वर्षांचं झालं की बाहेर पडतं, पण त्यापुढे एकवीसपर्यंत त्याच्या अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे. अठराव्या वाढदिवसाला पिशवी घेऊन फाटकाबाहेर उभा राहिलेला मुलगा खोली कुठे घेणार, हा प्रश्न कलम कसं बांधतात यापेक्षा मोठा असतो. नर्सरीच्या कामात इथे एक अनपेक्षित सोय आहे: बऱ्याच नर्सऱ्यांत आणि फार्महाउसवर कामगाराला राहायला जागा असते. पण हीच सोय पिळवणुकीचीही होऊ शकते. खोली दिली म्हणून पगार अर्धा, सुट्टी नाही, रात्री पाणी सोडायलाही तोच. म्हणून काम लावून देणाऱ्या संस्थेनं पहिले सहा महिने महिन्यातून एकदा तरी प्रत्यक्ष जाऊन बघायला हवं. फोनवर मुलं 'ठीक आहे' एवढंच सांगतात.

त्याला लागूनच एक नाजूक रेष आहे. प्रशिक्षणाच्या नावाखाली फुकट मजुरी. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं कायद्यानं बंद आहे. चौदा ते अठरामधल्यांना धोक्याच्या कामावर लावता येत नाही. माझ्यापुरती मी सोपी खूण ठेवली आहे. मुलगा सलग तीन महिने फक्त पिशव्याच भरत असेल, तर ती मजुरी. पिशव्या, मग बी पेरणं, मग रोप बदलणं, मग छाटणी, मग कलम, अशी पायरी चढत असेल तर शिक्षण. आणि फवारणीचा पंप अठराच्या आतल्याच्या पाठीवर नकोच, मास्क असला तरी.

मुलींच्या बाबतीत ही पायरी हमखास अडते. बऱ्याच नर्सऱ्यांत बायका पिशव्या भरतात, तण काढतात, आणि चाकू पुरुषांच्या हातात असतो. मजुरीतला फरक तिथूनच पडतो. कलम बांधायला ताकद लागत नाही, स्थिर बोटं लागतात. मुलींना पहिल्याच महिन्यात चाकू द्यावा, त्याला कुणी हरकत घेतली तर घेऊ द्यावी.

घरच्यांचं बोलणंही ऐकावं लागतं. 'शिकून शेवटी मातीच कालवायची होती तर शाळेत कशाला घातलं?' हा प्रश्न आईबाप विचारतात तेव्हा त्यांची चूक नसते. ज्यांच्या पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबण्यात गेल्या, त्यांना खुरपं म्हणजे प्रगती हे पटवून देणं जवळपास निर्लज्जपणाचं आहे. त्याला उत्तर भाषणानं देता येत नाही. पुण्या-मुंबईच्या गृहसंकुलांत बागेची देखभाल घेणारे कंत्राटदार, मावळातली गुलाबाची पॉलिहाउसं, गच्चीवर भाजी लावून हवी असणारी कुटुंबं, महापालिकेची उद्यानं, ठिबकचे विक्रेते: ही कामं कोण करतं आणि महिन्याला काय मिळवतं, ते आईबापांना एकदा तिथे नेऊन दाखवावं लागतं.

कागदाचंही थोडं सांगतो. कृषी महाविद्यालयांत माळी प्रशिक्षणाचे वर्ग चालतात, आयटीआयमध्ये उद्यानविद्येचा एक वर्षाचा ट्रेड आहे, आणि २०१५ पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेखालीही माळीकामाचं प्रमाणपत्र मिळू शकतं. सरकारी बागेत किंवा मोठ्या कंपनीच्या आवारात काम हवं असेल तर यातलं एखादं गाठीला असावं. कर्ज काढतानाही उपयोगी पडतं. छोट्या नर्सरीवाल्याला मात्र ते बघायची फारशी गरज वाटत नाही.

तो वेगळी परीक्षा घेतो. जुलैत नवा मुलगा आला की त्याला चाकू, दहा काड्या, दहा खुंट आणि पट्ट्या देतो आणि आपल्या कामाला निघून जातो. बांधलेली दहा कलमं शेडच्या कोपऱ्यात वेगळी ठेवतो, पिशव्यांवर खडूनं खूण करून. मुलगा रोज येता-जाता त्या कोपऱ्याकडे बघतो. पहिल्या आठवड्यात काहीच कळत नाही. दुसऱ्यात दोन काड्या काळ्या पडतात. तिसऱ्या आठवड्यात उरलेल्यांतल्या काहींचा शेंडा फुगतो, आणि एका सकाळी त्यातून तांब्याच्या रंगाची, नखाएवढी पानं बाहेर आलेली असतात.